पनीर का वितळत नाही?

बेक्ड व्हेजिटेबलवर चीजऐवजी पनीर किसून घातलं, तर ओव्हनमध्ये ते सुकतं, कडेने तांबूस होतं, पण पसरत नाही. चीज क्यूब किसला तर तो मऊ होऊन पसरतो आणि मोझरेलाला तार सुटते. तिन्ही दुधाचेच पदार्थ. फरक आहे तो केसिन या प्रथिनाच्या जोडणीत. पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात सुटे भाग नट-बोल्टने आवळतात, तसे केसिनचे कण कॅल्शियमने बांधलेले असतात. मोझरेला करताना आम्लामुळे यातलं थोडं कॅल्शियम निघून जातं. बोल्ट सैल होतात, पण निखळत नाहीत. म्हणून उष्णता लागताच प्रथिनं एकमेकांवरून सरकतात. पनीरसाठी मात्र कडकडीत तापलेल्या दुधात लिंबू पिळतात. एवढ्या उष्णतेने निवळीतली प्रथिनंही केसिनला चिकटतात, आणि ही घट्ट बसलेली गुठळी पुन्हा तापवून सैल होत नाही.

चीज क्यूब म्हणजे प्रोसेस्ड चीज, आणि त्याची गोष्ट याहून सुरस आहे. स्वित्झर्लंडमधल्या थुन गावात वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेट्लर यांना उष्ण देशांत पाठवता येईल असं टिकाऊ चीज हवं होतं. १९११मध्ये त्यांनी एमेंटल चीज सोडियम सायट्रेट घालून वितळवलं. हा क्षार कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेतो, मोकळं झालेलं केसिन स्निग्धांश धरून ठेवतं आणि तापवल्यावर तूप वेगळं होत नाही. पुढे नाव गाजलं ते १९१६मध्ये पेटंट मिळवणाऱ्या अमेरिकेतल्या जेम्स क्राफ्ट यांचं. गेर्बर आणि श्टेट्लर यांना मात्र फारसं कुणी ओळखत नाही. ‘प्रोसेस्ड म्हणजे नकली’ हा आक्षेप पटत नाही. सायट्रेट हे लिंबातल्याच आम्लाचं क्षाररूप आहे. क्यूबमध्ये मीठ जास्त असतं, ही तक्रार मात्र रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे बेक्ड व्हेजिटेबलच्या व्हाइट सॉसमध्ये वेगळं मीठ न घालणं.

चाकणहून नाशिक रस्त्याने पुढे गेलं की मंचर लागतं. तिथल्या पराग मिल्क फूड्सच्या ‘गो’ या नावाने क्यूबही मिळतो आणि मोझरेलाही. दोन्हींची कामं वेगळी आहेत. बेक्ड व्हेजिटेबलसाठी उकडलेला फ्लॉवर, फरसबी आणि चाकणच्या बाजारातला बटाटा नीट निथळून घ्यावा. सॉसमध्ये क्यूब, वरून मोझरेला. खरेदी करताना वेष्टनावरचे घटक जरूर वाचावेत. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल लिहिलेलं असेल, तर ते चीज नव्हे.