आपल्या गव्हाचे सारणभरले पाव

वडापावात वडा वेगळा तळतात, पाव वेगळा भाजतात आणि खाण्याच्या वेळी दोघांची गाठ घालून देतात. सारणभरल्या पावाचे तसे नाही. यात आंबवलेल्या कच्च्या कणकेतच तिखट सारण भरायचे, तोंड बंद करायचे, पुन्हा फुगू द्यायचे आणि मग भाजायचे. तालुक्याच्या गावी बेकरीत हा पदार्थ 'रोल' या नावाने मिळतो. अनेक महिला बचत गटांनीही तो प्रशिक्षणात शिकून घेतला आहे. परंतु प्रशिक्षणात कापसासारखा झालेला पाव घरी आल्यावर विटेसारखा का होतो, ही तक्रार वारंवार ऐकू येते. दोष बहुधा यीस्टला दिला जातो, क्वचित शिकवणाऱ्या बाईंना. खरे कारण पुष्कळदा घरातल्या कणगीत असते. प्रशिक्षणात मैदा वापरलेला असतो आणि घरी आपण आपलाच गहू दळून आणतो. हे दोन्ही एक नव्हेत. कर्ज काढून ओव्हन घेण्याआधी आपला गहू या कामाचा आहे की नाही, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे. ही पाहणी घरच्या घरी, एका वाटीभर पिठात होते.

कृषिविद्या शिकवणाऱ्याने पावाविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. पाव भट्टीत भाजला जातो हे खरे, पण त्याचा निम्मा निकाल शेतात लागलेला असतो.

कणीक कशाने फुगते?

यीस्ट हा डोळ्यांना न दिसणारा, एका पेशीचा बुरशीवर्गीय जीव आहे. पिठातील साखर खाऊन तो कार्बन डायऑक्साइड वायू आणि थोडे अल्कोहोल तयार करतो. गोव्यात पोर्तुगीजांबरोबर पाव आला तेव्हा आजच्यासारखे पाकिटातले यीस्ट नव्हते; तेथील पोदेर माडाची सुर घालून कणीक आंबवत. सुरेमध्ये हे जीव मूळचेच असतात. 'पाव' हा शब्दही पोर्तुगीज भाषेतूनच आपल्याकडे आला.

वायू तयार होणे ही मात्र अर्धीच गोष्ट झाली. ज्वारीच्या पिठात यीस्ट घातले तरी वायू होतो, पण तो निसटून जातो आणि पीठ होते तसेच राहते. गव्हात ग्लायडिन व ग्लुटेनिन नावाची प्रथिने असतात. पाणी लागून मळणी झाली की त्यांची मिळून एक रबरासारखी जाळी बनते. तिला ग्लुटेन म्हणतात. एका प्रथिनामुळे कणीक ताणली जाते, दुसऱ्यामुळे ती ताण सोसून पुन्हा मागे येते. वायूचे बुडबुडे या जाळीत अडकतात आणि कणीक फुगते. जाळी कमकुवत असेल तर यीस्ट दुप्पट घालूनही उपयोग होत नाही, फक्त आंबूस वास वाढतो.

सर्व गहू याबाबतीत सारखे नसतात. लोकवन, त्र्यंबक, तपोवन हे वाण सरबती गटातले. पावासाठी याच गटातला गहू घ्यावा. बन्सी गव्हात प्रथिने भरपूर असली तरी त्याचे ग्लुटेन ताठ असते. ते लांबत नाही, तुटते. म्हणून बन्सीचा रवा व शेवया उत्तम, पाव मात्र बसका. खपलीचे ग्लुटेन त्याउलट मऊ पडते. खपलीची खीर आणि पुरणपोळी सोडून तिचे पाव करण्याचा आग्रह आम्हांला तरी पटत नाही.

वाटीभर पिठाची परीक्षा

गव्हाचे पीठ बारीक चाळणीने चाळून ५० ग्रॅम घ्यावे. त्यात २८ ते ३० मि.लि. पाणी घालून घट्ट गोळा मळावा आणि तो वाटीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावा. नंतर पातेल्यातील पाण्यात तो हातांनी हळूहळू चोळावा. पांढरे पाणी सुटेल, ते पिष्ट. खाली मलमलचे फडके किंवा गाळणी धरावी म्हणजे सुटलेले तुकडे वाया जात नाहीत. पाणी बदलत राहावे. ते स्वच्छ येऊ लागले की हातात पिवळसर राखी रंगाचा चिवट गोळा उरतो. हेच ओले ग्लुटेन. तो चांगला पिळून तोलावा. घरी काटा नसेल तर सोनाराकडे तोलून मिळेल.

ठोकळ मानाने गोळा १५ ग्रॅम किंवा अधिक भरला तर गहू पावासाठी चांगला. १२ ते १५ ग्रॅम असेल तर त्या पिठात साधारण निम्मा मैदा मिसळावा. १२ ग्रॅमच्या आत असेल तर त्या गव्हाच्या पोळ्या कराव्यात. वजनाइतकेच महत्त्व ताणाला आहे. गोळ्याचा तुकडा दोन बोटांत धरून हळू ओढावा. तो न तुटता लांबला आणि सोडल्यावर थोडा मागे आला तर समाधानकारक समजावे. पटकन तुटणारा किंवा लोंबत खाली उतरणारा, दोन्ही कामाचे नाहीत.

शेतात काय करता येते?

बागायती वेळेवर पेरणीच्या गव्हास हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश द्यावे, निम्मे नत्र पेरणीच्या वेळी व निम्मे तीन आठवड्यांनी पहिल्या पाण्याबरोबर द्यावे, ही शिफारस बहुतेकांना माहीत आहे. प्रत्यक्षात हा दुसरा हप्ता बऱ्याच ठिकाणी अर्ध्यावर येतो किंवा राहूनच जातो. पिकाला नत्र कमी पडले की उत्पादन तर घटतेच, शिवाय दाण्यातील प्रथिनेही कमी होतात. नत्र जितके उशिरा, म्हणजे ओंबी निसवण्याच्या सुमारास मिळेल, तितके ते वजनापेक्षा प्रथिनांकडे अधिक वळते. याचा अर्थ युरियाची पोती ओतावीत असा मात्र मुळीच नाही. जादा नत्राने पीक लोळते. शिफारशीतला दुसरा हप्ता न चुकवणे एवढेच येथे सांगावयाचे आहे.

पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात झालेली बरी. उशिरा पेरलेल्या गव्हाचा दाणा उन्हाच्या तडाख्यात भरतो व बारीक राहतो. अशा दाण्यात प्रथिनांचे शेकडा प्रमाण वाढलेले दिसले तरी कणकेचा जोर बऱ्याचदा कमी असतो.

काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस आला, जसा मार्च २०२३ मध्ये राज्यात अनेक ठिकाणी गारांसह आला, तर ओंबीतच दाण्याला मोड येऊ लागतात. मोड येताना दाण्यातील विकरे पिष्टाची साखर करू लागतात. अशा पिठाची कणीक सुरुवातीला जोरात फुगते, मग पातळ होते. पावाची साल लवकर काळपट होते आणि आतला भाग चिकट, सुरीला लागणारा राहतो. पुष्कळ भाजले तरी हा चिकटपणा जात नाही. त्यामुळे मोड आलेला गहू पावासाठी वेगळा काढावा. बुरशी लागलेला तर माणसांच्या व जनावरांच्याही खाण्यात येऊ देऊ नये.

दळण

गिरणीतून पीठ हाताला चटका बसेल इतके गरम आले तर ग्लुटेनचे नुकसान होते. शक्यतो सकाळी, जाते तापण्याआधी दळून घ्यावे, घरी कागदावर पसरून निववावे आणि मगच डबा बंद करावा. पावासाठी पीठ बारीक चाळून घ्यावे, कारण कोंड्याचे टोकदार कण जाळी फाडतात. काढलेला कोंडा फेकू नये. थोडा पाण्यात भिजवून पावावर वरून लावला तर शोभाही येते.

कृती

चाळलेले गव्हाचे पीठ ३०० ग्रॅम व मैदा २०० ग्रॅम घ्यावा. परीक्षेत गहू उत्तम ठरला असेल तर मैदा पुढे कमी करीत न्यावा. दोन्ही पिठांत सुमारे २८० मि.लि. पाणी घालून नुसती कालवण करावी व अर्धा तास झाकून ठेवावी. या अर्ध्या तासात कोंडा मऊ होतो आणि मळण्याचे निम्मे श्रम वाचतात. पुढे ४० मि.लि. कोमट पाण्यात चार चमचे साखर व दीड चमचा कोरडे दाणेदार यीस्ट घालून दहा मिनिटे ठेवावे. पाणी बोट सहज ठेवता येईल इतकेच कोमट हवे. कढत पाण्यात यीस्ट मरते. वर फेस आला तर यीस्ट जिवंत आहे. फेस न आल्यास ते पाणी टाकून द्यावे, पीठ वाया घालवू नये. उघडलेले पाकीट घट्ट झाकणाच्या बाटलीत शीतकपाटात ठेवावे.

हे पाणी, दीड चमचा मीठ व दोन मोठे चमचे तेल कणकेत घालून १२ ते १५ मिनिटे दणकून मळावे. पोळीच्या कणकेपेक्षा ही सैल असते व आधी हाताला चिकटते. त्या वेळी कोरडे पीठ लावण्याचा मोह टाळावा. मळत राहिल्यावर चिकटपणा आपोआप कमी होतो. छोटा तुकडा ताणून उजेडात धरला असता पापुद्र्यासारखा पातळ होऊन फाटला नाही म्हणजे मळणी पुरे झाली.

आता कणीक झाकून दुप्पट होऊ द्यावी. किती वेळ, हे घड्याळ सांगू शकत नाही. विदर्भात मे महिन्यात पाऊण तासात काम होते, तर निफाडच्या जानेवारीत तीन तासही लागतात. कणकेत बोट खुपसून पाहावे. खळगा सावकाश, अर्धवट भरून आला तर वेळ झाली. लगेच भरला तर थांबावे. सगळी कणीकच खाली बसली तर वेळ टळून गेली. थंडीच्या दिवसांत यीस्ट पाव चमचाच घालून कणीक रात्रभर ठेवली तर सकाळी पावाला अधिक चांगली चव येते.

सारणात ओलावा नको, हा नियम कटाक्षाने पाळावा. डिसेंबर-जानेवारीत सोलाणे स्वस्त असतात. ४०० ग्रॅम बटाटे सालीसकट उकडावेत, १५० ग्रॅम सोलाणे वाफवून भरड ठेचावेत. तेलात जिरे, दोन कांदे, आले-लसूण, मिरची, हळद परतून कांद्याचे पाणी पूर्ण आटवावे, मग बाकीचे घालून कोरडे परतावे. कोथिंबीर व लिंबू शेवटी. सारण पूर्ण निवल्याशिवाय भरू नये. गरम सारणाने आतल्या थरातले यीस्ट मरते आणि तेथे कच्च्या पिठासारखी पट्टी राहते. मेथी किंवा पालक घालायचा असेल तर तो आधी चांगला पिळून घ्यावा.

कणकेच्या १६ लाट्या होतात, प्रत्येकी सुमारे ५५ ग्रॅमच्या. मोदकाच्या पारीप्रमाणे कडा पातळ व मध्य जाड ठेवून ३५ ग्रॅमपर्यंत सारण भरावे, तोंड चिमटून बंद करावे, लांबट आकार द्यावा आणि सांधा खाली करून तेल लावलेल्या ताटात मांडावे. एकमेकांत दोन बोटे अंतर हवे. पुन्हा ३० ते ४० मिनिटे झाकून फुगू द्यावे, वरून दूध लावून २०० अंश सेल्सिअस तापलेल्या ओव्हनमध्ये २० मिनिटे भाजावे. पाव उलटा करून बुडावर टिचकी मारली असता पोकळ आवाज यावा.

पहिल्या दोन-चार खेपांसाठी ओव्हन घेऊच नये. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात दोन बोटे वाळू, त्यावर तिवई, वर घट्ट झाकण, एवढ्यावर भागते. वाळू २० मिनिटे आधी तापवावी, भाजण्यास ३० ते ३५ मिनिटे लागतात. वरची बाजू थोडी फिकट राहते इतकेच. गावात बेकरी असल्यास दुपारी रिकाम्या भट्टीवर भाजून देण्याचा ठराव करता येतो.

विक्री करताना

वरील प्रमाणात एक किलो पिठाचे ३२ पाव होतात. घरचा गहू फुकट न धरता बाजारभावाने धरावा, त्यात मैदा, सारण, तेल, इंधन, गिरणी व आपली मजुरी मिळवून ३२ ने भागावे. मजुरी न धरल्यामुळेच पुष्कळ गटांना नफा झाल्यासारखा वाटतो. विक्रीसाठी अन्नसुरक्षा कायदा, २००६ अन्वये नोंदणी करणे बंधनकारक आहे. ती करूनच सुरुवात करावी.

बटाट्याचे सारण असलेला पाव भाजला त्याच दिवशी संपवावा. शीतकपाटात दोन दिवस, पुन्हा चांगला गरम करून. उष्ण व दमट हवेत पाव ठेवून दिल्यास आतला भाग मऊ, तारा सुटणारा होतो व जास्त पिकलेल्या फळासारखा वास येतो. हा पिठातील जिवाणूंचा प्रताप असून त्यांचे बीजाणू भाजण्यातूनही वाचतात. पावसाळ्यात ५०० ग्रॅम पिठास दोन चमचे व्हिनेगर मळताना घातल्यास त्याला आळा बसतो. असा वास आलेला पाव टाकून द्यावा आणि परात, फडकी, चाळणी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवल्यावरच पुढची कणीक भिजवावी.