जुनी दुनळी : ओळख आणि जतन

परळीच्या आसपास, बालाघाटाच्या डोंगररांगांत वसलेल्या गावांतून देशमुख-पाटलांचे जुने वाडे अजून कोठे कोठे उभे आहेत. त्यांपैकी काही घरांत खंडेनवमीला तलवारीशेजारी एक दुनळी बंदूकही पुजली जाते. तलवारीविषयी घरची मंडळी भरभरून बोलतात. बंदुकीविषयी मात्र "आजोबांची आहे" यापलीकडे सहसा माहिती मिळत नाही. वास्तविक बहुतेक तलवारी मुक्या असतात. दुनळीचे तसे नाही. तिच्या अंगावर तिची जन्मपत्रिकाच कोरलेली असते. ती वाचावी कशी आणि आपल्याच हातून ती पुसली जाऊ नये म्हणून काय करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

दुनळी म्हणजे दोन नळ्या शेजारी शेजारी जोडलेली, छर्ऱ्यांची बंदूक. रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात. हिची नळी आतून गुळगुळीत असते. जुनी दुनळी ठासणीची असे. नळीच्या तोंडातून दारू, बोळा आणि छर्रे घालून ते गजाने ठासावयाचे, कानावर टोपी बसवावयाची, घोडा ओढावयाचा आणि चाप दाबावयाचा. पुढे काडतूस आले आणि नळी मागून उघडू लागली. 'बारा बोअर' हा शब्द आपण नेहमी ऐकतो, पण त्याचा अर्थ फारच थोड्यांना ठाऊक असतो. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो. सोळा बोअरची नळी साहजिकच याहून लहान. आकडा वाढला की नळी बारीक होते, हे प्रथम ऐकणाऱ्यास उलटे वाटते खरे.

या बंदुकीला आजचे रूप आले ते प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात. लंडनचा जोसेफ मँटन (मृत्यू १८३५) याने दुनळीला जो डौल आणि तोल दिला, तो पुढील कारागिरांनी प्रमाण मानला. त्याच्या हाताखाली काम केलेल्या जेम्स पर्डीने १८१४ साली काढलेली पेढी तर जगप्रसिद्ध झाली. मँटनचे स्वतःचे मात्र दिवाळे निघाले. १८०७ साली फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट घेतले आणि चकमकीचे दिवस भरले. १८३५ च्या सुमारास फ्रान्समध्ये लफोशोने मागून भरावयाच्या काडतुसाची बंदूक पुढे आणली. १८७५ साली बर्मिंगहॅमच्या अ‍ॅन्सन आणि डीली या जोडीने घोडे आत दडवलेली साधी, मजबूत रचना काढली. आज बाहेरून घोडे न दिसणारी जी दुनळी आपण पाहतो ती बहुधा याच वंशातली.

आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान (राजवट १८६९ ते १९११) वाघांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होते, आणि दरबारचा शौक जहागिरीपर्यंत झिरपावयास वेळ लागत नाही. विलायती बंदुका कलकत्ता-मुंबईच्या पेढ्यांमार्फत येत. म्हणूनच दोन नळ्यांमधील पट्टीवर जे नाव कोरलेले असते ते पुष्कळदा कारागिराचे नसून दुकानदाराचे असते. कलकत्त्याच्या रॉडा कंपनीचे नाव असलेल्या कितीतरी दुनळ्या प्रत्यक्षात इंग्लंडात तयार झालेल्या आहेत. (हीच ती रॉडा कंपनी, जिच्या मालातून २६ ऑगस्ट १९१४ रोजी क्रांतिकारकांनी पन्नास माउझर पिस्तुले लांबविली.) तेव्हा पट्टीवरचे नाव वाचून हुरळून जाऊ नये, खरी माहिती नळ्यांच्या पोटाशी असते.

नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करून उलट्या धरल्या की मागच्या सपाट भागावर बारीक शिक्के दिसतात. प्रत्येक नळी जादा दारूने उडवून तपासल्याची ती सरकारमान्य खूण होय. मुकुटाखाली 'जी पी' ही गुंतलेली अक्षरे असतील तर तपासणी लंडनची. एकमेकांवर तिरपे टेकलेले दोन राजदंड आणि 'बी पी सी' ही अक्षरे असतील तर ती बर्मिंगहॅमची, आणि १९०४ पूर्वीची. लंबवर्तुळात 'ई एल जी' आणि खाली तारा असेल तर बंदूक बेल्जममधील लीएज शहरची. एखाद्या नळीवर 'नॉट फॉर बॉल' असे शब्द आढळतात. त्या नळीचे तोंड किंचित आवळलेले असल्यामुळे तीत अखंड गोळी घालू नये, असा त्याचा अर्थ. हा शिक्का १८७५ ते १८८७ एवढीच वर्षे मारला जात असे, म्हणजे बंदुकीचे वय आपोआपच सापडले.

शिक्क्यांइतकेच मोलाचे असते नळीवरील नक्षीकाम. जुन्या नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी किंवा बारीक फुलांसारखी रेखा दिसते. ती वरून काढलेली नसते. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकावर एक रचून, तापवून त्यांना पीळ द्यावयाचा. असे पिळलेले गज शेजारी शेजारी लावून लांब फीत करावयाची. आणि ती एका दांड्याभोवती मळसूत्रासारखी गुंडाळून, तापवून हातोड्याने सांधत जावयाचे. दांडा काढला की नळी उरते. नंतर सौम्य आम्लाने लोखंड आणि पोलाद वेगवेगळ्या छटा धरतात व नक्षी उमटते. हिला 'दमास्कस' नळी म्हणतात. दमास्कसच्या तलवारींशी तिचे केवळ नावाचे नाते आहे. त्या तलवारींचे पोलाद मुशीत वितळवून केलेले असे, आणि त्यासाठी नावाजलेले एक ठिकाण, निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम्, आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानात होते. मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना हे सहसा कोणी सांगत नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदविले.

ही नक्षी आणि हे शिक्के नाहीसे होतात ते बहुधा भक्तिभावाने! खंडेनवमीच्या आदल्या दिवशी चिंच, विटकरीची भुकटी किंवा पॉलिश कागद घेऊन घरातील उत्साही तरुण बंदूक चकचकीत करावयास बसतो. दहा-वीस वर्षांत लहरी जातात, शिक्के बोथट होतात आणि शंभर वर्षांची वस्तू कालच्या पाण्याच्या पाइपासारखी दिसू लागते. पुराणवस्तूंच्या बाबतीत दुरुस्ती म्हणजे नवेपणा आणणे नव्हे, झीज थांबविणे होय, हे आधी मनाशी पक्के करावे.

कोणत्याही कामाआधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी. काडतुसाची असेल तर उघडून दोन्ही घरे पाहावीत. ठासणीची असेल तर गज नळीत सोडून तो किती आत जातो हे बाहेरून ताडून पाहावे. आजोबांनी भरून ठेवलेला बार नातवापर्यंत तसाच राहिल्याची उदाहरणे जगभर आहेत, आणि काळी दारू कोरडी असेल तर म्हातारी होत नाही. नंतर सुट्या केलेल्या नळ्या दोरीने टांगून लाकडाने हलकेच वाजवाव्यात. घंटेसारखा नाद आला तर मधली पट्टी घट्ट आहे. भद्द आवाज आला तर डाक सुटला आहे. वरवरच्या गंजाला यंत्राचे पातळ तेल लावून एक-दोन दिवस मुरू द्यावे आणि जुन्या तांब्याच्या पैशाच्या कडेने हळूहळू खरवडावे. तांबे पोलादाहून मऊ असल्याने चरे पडत नाहीत. खोबरेल किंवा तिळाचे तेल यंत्राला लावू नये. ते कालांतराने डिंकासारखे चिकट होते. नळ्यांना पुन्हा निळा-काळा रंग चढवून देतो असे कोणी म्हणाल्यास सावध राहावे. त्या कामातील गरम क्षारांचे पाणी पट्टीचा डाक खाऊन टाकते.

दस्ता बहुधा अक्रोडाच्या लाकडाचा असतो. आपल्या उन्हाळ्यात तो आकसतो आणि पावसाळ्यात फुगतो. व्हार्निश न लावता जवसाच्या तेलाचे चार-दोन थेंब तळहाताने चोळावेत, पूर्ण वाळू द्यावेत, मग पुढचा हात. जवस आपल्या शिवारातले, तेव्हा खर्चाचा प्रश्न नाही. मात्र तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. ते आपोआप पेट घेतात. कातडी गवसणीत बंदूक वर्षभर ठेवणे हाही वाईटच प्रकार, कारण कातडे ओल धरते. उभी ठेवावयाची असल्यास नळ्यांची तोंडे खाली असावीत, म्हणजे तेल लाकडात उतरत नाही.

अशी बंदूक उडवून पाहावी काय? माझे मत स्पष्ट आहे: दमास्कस नळी असेल तर मुळीच नाही. ती काळ्या दारूच्या मंद दाबासाठी घडलेली असते. शिवाय जुनी घरे पुष्कळदा पासष्ट मिलिमीटर काडतुसाची असतात. आजचे सत्तर मिलिमीटरचे काडतूस त्यांत बसते खरे, पण उडताना उलगडावयास जागा न मिळाल्याने दाब वाढतो आणि नळी फाटून डावा हात जाऊ शकतो. आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याचे काडतूस उत्तम आहे म्हणून जुनी नळी सुरक्षित ठरत नाही. आणि उडवावयाची कशावर? १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकारीचा शौक संपविला. पाटोदा तालुक्यातील नायगावच्या अभयारण्यात मोर निर्धास्त फिरतात, हे बरेच झाले.

शेवटी कायद्याविषयी. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवानाधारक वारला की घरच्यांनी बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाची असते. वारसाला स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला वारशाची धरून दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. नळी कापून आखूड करणे हा विनापरवाना गुन्हा आहे. दुरुस्ती दुसऱ्याकडून करवून घ्यावयाची तर त्या कारागिराजवळही परवाना हवा. जी शस्त्रे जुनाट घडणीची, पुराणवस्तू म्हणून मोलाची किंवा मोडकी असून दुरुस्तीनेही उडण्याजोगी राहिलेली नाहीत, त्यांना कायद्याने वगळले आहे, पण आपली बंदूक त्यांत मोडते की नाही हे घरी बसून ठरवू नये. जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी घ्यावे. जमा करण्यापूर्वी शिक्क्यांची आणि पट्टीवरील नावाची स्पष्ट छायाचित्रे काढून, बंदुकीचा क्रमांक परवान्याशी ताडून, ती पावतीसोबत ठेवावीत. ठाण्याच्या कोठीत बंदुकीला तेल लावणारा कोणी नसतो.