तान्ह्याला उताणे झोपवा

एका बाजूला वीज केंद्र, दुसरीकडे सिल्लेवाड्याची खाण. खापरखेड्याला कोळशाचे नवल नाही. पण थंडीत बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावायची रीत घातक आहे. निखाऱ्यांच्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपेतच जीव जातो. शिवाय फार उबही तान्ह्याला बाधते.

कधी धडधाकट बाळ रात्री झोपते आणि सकाळी उठत नाही. तपासणीतही कारण सापडत नाही. मग दृष्ट लागली म्हणायचे, नाहीतर दोष आईच्या माथी मारायचा! ब्रिटनमध्ये १९९१ साली बाळाला पालथे न झोपवता उताणे झोपवा, अशी मोहीम निघाली. काही वर्षांतच असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. यात खर्च कसला?

माता-भगिनींनो, वर्षभर तरी प्रत्येक झोपेला बाळ उताणेच ठेवा. दूध घशात अडकेल ही भीती निरोगी बाळाबाबत खोटी ठरली आहे. अंथरूण सपाट, घट्ट असावे. राईची उशी, जाड गोधडी नको. बाळ आईच्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर निजवावे. अंगावरचे दूध पाजावे. आणि बिडी बाहेर ओढून आलो, म्हणणाऱ्या बापानेही त्याला कुशीत घेऊन झोपू नये.