हिशेबनीस चित्रकार : भूपेन खख्खर

व्यापारी घरातील मुलाने वा मुलीने ‘मला पूर्णवेळ चित्रकार व्हायचे आहे’ असे सांगितले, की वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न उत्पन्नाचा असतो. हा प्रश्न गैर नाही. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या रोजमेळ आणि खातेवही सांभाळली, त्यांनी आवक कुठून येणार असे विचारणे स्वाभाविकच आहे. आयुष्याची अनेक वर्षे हिशेबनीस आणि चित्रकार अशा दोन्ही भूमिका एकत्र निभावणाऱ्या भूपेन खख्खर यांच्या चरित्रात या प्रश्नाचे एक विचार करण्याजोगे उत्तर सापडते.

खख्खर यांचा जन्म 1934 साली मुंबईत एका गुजराती कुटुंबात झाला. चार भावंडांत ते धाकटे. ते चार वर्षांचे असतानाच वडील वारले. मुंबई विद्यापीठाची पायरी चढणारे ते घरातील पहिलेच. त्यांनी वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि पुढे सनदी लेखापालाची परीक्षाही उत्तीर्ण केली. अशा घराने याहून अधिक काय मागावे? परंतु 1958 मध्ये तरुण चित्रकार गुलाम मोहम्मद शेख यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि शेखांच्या आग्रहावरून 1962 साली ते बडोद्याला गेले. तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी प्रवेश घेतला तो कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमासाठी. चित्रकला ते बहुतांशी स्वतःच शिकले.

बडोद्यात त्यांनी लेखापालाची विद्या टाकून दिली नाही. एका कारखान्यात ते अर्धवेळ हिशेब पाहू लागले आणि उरलेला वेळ चित्रांना देऊ लागले. ही व्यवस्था वर्षानुवर्षे चालली. व्यापाराच्या भाषेत सांगायचे, तर नोकरीचा पगार हे त्यांचे खेळते भांडवल होते. घरखर्च त्यातून भागत असल्यामुळे चित्र विकले जावे म्हणून ग्राहकाच्या आवडीप्रमाणे रंगवण्याची सक्ती त्यांच्यावर राहिली नाही. जे मनाला पटले, तेच त्यांनी केले.

सुरुवातीला त्यांनी जे केले ते अनेकांना रुचण्याजोगे नव्हते. बाजारात स्वस्तात मिणाऱ्या देवदेवतांच्या छापील तसबिरी कापून त्यांनी त्या आरशांवर चिकटवल्या आणि भोवती रंगांचे फटकारे व भिंतीवर असावेत तसे लेखन केले. आज ज्याला मिश्रमाध्यम म्हणतात, तीच ही पद्धत. 1965 साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात या कलाकृतींचे त्यांचे पहिले प्रदर्शन भरले. पुढील काळात तैलरंग, जलरंग, मातीकाम अशी माध्यमे त्यांनी हाताळली, शिवाय गुजरातीत कथा आणि नाटकही लिहिले.

वाचकांना विशेष जवळची वाटावीत अशी त्यांची चित्रे 1972 च्या सुमाराची आहेत. घड्याळ दुरुस्तीचे दुकान, शिंपी, न्हावी, कारखान्यातील साहाय्यक लेखापाल हे त्यांचे विषय. ज्या छोट्या दुकानदाराकडे तोवर भारतीय चित्रकारांचे सहसा लक्ष जात नव्हते, त्याला त्याच्या पाटीसकट, गल्ल्यासकट त्यांनी कॅनव्हासवर मानाचे स्थान दिले. हिशेबाच्या टेबलावर बसलेल्या माणसालाच ही माणसे इतक्या जवळून दिसू शकली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

1981 च्या एका प्रसिद्ध चित्रात बाप, मुलगा आणि गाढव यांची लहानपणी सर्वांनी ऐकलेली गोष्ट येते. सज्जात उभा असलेला एक विवस्त्र मनुष्य ती गोष्ट दुरून पाहतो आहे. सर्वांना खूश करता येत नाही, हेच चित्राचे शीर्षक. आपण समलिंगी आहोत हे सत्यही खख्खर यांनी याच काळात आपल्या कलेतून उघडपणे मांडले. त्या काळी ते सोपे नव्हते.

मान्यता सावकाश आली. पहिल्या प्रदर्शनानंतर तब्बल 19 वर्षांनी, 1984 मध्ये, त्यांना पद्मश्री मिळाली. 2003 साली बडोद्यात कर्करोगाने त्यांचे निधन झाले. 2016 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले आणि त्याला नाव दिले ते त्याच 1981 च्या चित्राचे.

कलेला भांडवल पुरवणे आपल्या समाजाला नवे नाही. पाटण, खंभात, जैसलमेर येथील ज्ञानभांडारांत जपलेल्या सचित्र कल्पसूत्राच्या पोथ्या अनेकदा जैन व्यापाऱ्यांच्याच दानातून तयार झाल्या. सोने, शाई आणि रंग यांचा मेळ त्या पानांवर आजही टिकून आहे. पोथीच्या प्रशस्तीत दात्याचे आणि त्याच्या कुळाचे नाव आढळते. चित्रकाराचे मात्र क्वचितच.

आज तो चित्रकार आपल्याच घरात जन्मला असेल, तर त्याला नकार देण्यापूर्वी त्याच्यासोबत बसून वही उघडावी. दरमहा किती लागेल, अर्धवेळ काम कोणते करता येईल, साहित्याचा खर्च वेगळा कसा लिहावा, किती वर्षांची मुदत द्यावी, हे सारे ठरवता येते. नवे दुकान पहिल्याच दिवाळीत नफा दाखवत नाही, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी कलेलाही तेवढी मुदत द्यावयास हरकत नसावी. आणि मुलांनीही हिशेबाची विद्या तुच्छ लेखू नये. खख्खर यांना चित्रे काढण्याची मोकळीक याच विद्येने दिली होती.