फाटकावरच्या शिपायाला कुणी सांगितलेच नाही

३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी दिल्लीतल्या बिर्ला हाउसमध्ये पोलीस नव्हते, असा पुष्कळांचा समज असतो. पोलीस होते. गणवेशातले होते, साध्या कपड्यांतलेही होते. दहाच दिवसांपूर्वी त्याच प्रार्थनासभेत स्फोट झाल्यामुळे त्यांची संख्या वाढवलेली होती. तरीही सव्वापाचच्या सुमारास एक माणूस गर्दीतून पुढे आला, हात जोडून वाकला, आडव्या आलेल्या मनुबेनना त्याने बाजूला ढकलले आणि हातभर अंतरावरून गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या.

या हत्येमागचे विचार, खटला आणि फाशी यांवर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. अजूनही लिहिले जाते आणि वादही होतात. मला आज त्या वादात शिरायचे नाही. मला विचारायचा आहे तो साधा, व्यवहारी प्रश्न. इतके पोलीस असताना हा माणूस तिथवर पोहोचला कसा? अंगरक्षणाचे काम करणाऱ्या कोणालाही या प्रश्नाच्या उत्तरात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

२० जानेवारीला बिर्ला हाउसच्या मागच्या भिंतीपाशी स्फोट झाला. मदनलाल पाहवा हा पंजाबातून आलेला निर्वासित तरुण जागीच पकडला गेला. त्याच्याजवळ हातबॉम्ब सापडला. बाकीचे साथीदार गर्दीत मिसळून निसटले. एकटादुकटा माथेफिरू असता तर प्रकरण तिथेच संपले असते. पण मदनलाल एकटा नव्हता, हे त्याच्याच जबानीतून पुढे येत गेले. पुण्याहून निघणाऱ्या एका मराठी दैनिकाचा संपादक आपल्याबरोबर होता, असे त्याने सांगितले. ‘अग्रणी’ हे त्या पत्राचे जुने नाव, ‘हिंदुराष्ट्र’ हे नवे. दिल्लीतल्या मरिना हॉटेलात पोलिसांना धुऊन आलेले काही कपडे मिळाले. त्यांवर धोब्याची खूण होती, ‘एन. व्ही. जी.’

आता गंमत पाहा, जर तिला गंमत म्हणता येत असेल तर. वर्तमानपत्रावर संपादकाचे नाव छापणे कायद्यानेच बंधनकारक आहे. म्हणजे ज्याला शोधायचे, त्याचे नाव रोज सकाळी पुण्याच्या रस्त्यांवर विकले जात होते. पुण्याच्या पोलीस दप्तरातही ते होते. एखाद्या शिपायाला कोपऱ्यावरच्या स्टॉलवर पाठवले असते तरी ते समजले असते.

दिल्लीचे दोन पोलीस अधिकारी विमानाने मुंबईला आले आणि दोन-तीन दिवसांत हात हलवत परतले. त्यांनी मुंबईच्या पोलिसांना नेमके काय सांगितले, यावर पुढे चौकशीत दोन्ही बाजूंच्या हकिगती जुळल्या नाहीत. पुण्याच्या गुन्हे अन्वेषण खात्याचे प्रमुख राणा योगायोगाने दिल्लीतच होते. मदनलालची जबानी त्यांच्या हाती पडली. ती घेऊन ते आगगाडीने, तेही अलाहाबादमार्गे निघाले आणि २७ जानेवारीला मुंबईत पोहोचले. त्याच दिवशी गोडसे आणि आपटे मुंबईहून विमानाने दिल्लीला गेले.

मुंबईतही धागा हाती आलेला होता. रुइया कॉलेजमधले प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांच्यापाशी मदनलालने कटाची वाच्यता आधीच केली होती. स्फोटाची बातमी वाचताच जैन हे प्रांताचे प्रमुख मंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे गेले. मोरारजींनी त्याच संध्याकाळी पोलीस उपायुक्त नगरवाला यांना सावध केले, पण जैन यांचे नाव सांगितले नाही. नाव गुप्त ठेवण्यामागे जैन यांच्या जिवाची काळजी होती, हे समजण्यासारखे आहे. परिणाम मात्र असा झाला, की ज्याला सर्वांत जास्त माहिती होती, त्याच्याशी तपास करणाऱ्याला बोलताच आले नाही. नगरवालांच्या मनात तर हा गांधीजींना पळवून नेण्याचा कट असावा, असा तर्क बसला होता.

मी उभी हयात बँकेत काढली. तिथली त्या काळची एक अगदी प्राथमिक गोष्ट सांगतो. खातेदार चेक हरवल्याची तक्रार घेऊन येई. त्याचा अर्ज मॅनेजरच्या टेबलावर नुसता पडून राहिला, तर त्याचा उपयोग शून्य. हेड ऑफिसला कळवले, पोलिसांत कळवले, तरीही उपयोग शून्य. चेक ज्या कारकुनापुढे येणार, त्याच्या लेजरमध्ये त्या खात्याच्या पानावर लाल शाईने ‘पेमेंट थांबवा’ अशी नोंद झाली, तरच पैसे वाचत. बाकी साऱ्या बँकेला माहीत असून त्या एकट्याला माहीत नसेल, तर कोणालाच माहीत नसल्यासारखे असे.

बिर्ला हाउसच्या फाटकावर हेच घडले. दिल्ली, मुंबई, पुणे अशा तीन ठिकाणी माहितीचे तुकडे होते; फाटकावर त्यातला एकही नव्हता. पुण्याचा, गोडसे-आपट्यांना चेहऱ्याने ओळखणारा एक साधा हवालदार तिथे उभा केला असता, तर वाढवलेल्या साऱ्या बंदोबस्ताहून तो अधिक उपयोगी पडला असता.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. गांधीजींनीच संरक्षण नाकारले होते, मग पोलीस काय करणार? हे अर्धसत्य आहे. प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेऊ द्या, असे त्यांना विनवण्यात आले आणि त्यांनी साफ नकार दिला, हे खरे. देवावर हवाला ठेवलेल्या माणसाने दुसरे काय करावे? पण झडतीला नकार म्हणजे तपासाला नकार नव्हे. पुण्याला फोन लावायला, विमानाने माणूस पाठवायला, चेहरा ओळखणारा पोलीस साध्या वेषात उभा करायला गांधीजींची परवानगी लागत नव्हती. संरक्ष्य माणूस ऐकत नाही म्हटल्यावर संरक्षकाचे काम वाढते, ते संपत नाही.

आणि नेते ऐकत नाहीतच. लोकांत मिसळणे हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर १९८५ मध्ये पंतप्रधानांसाठी एसपीजी हे खास दल उभे राहिले. राजीव गांधी पंतप्रधानपदावरून गेल्यावर त्यांचे हे कवच काढले गेले आणि २१ मे १९९१ च्या रात्री श्रीपेरुंबुदूरला हार घेऊन आलेली बाई त्यांच्या अगदी पायाशी वाकली. नमस्कारासाठी वाकणाऱ्याला अडवणे आपल्याकडे असभ्य मानतात. मारेकऱ्यांना हे दोन्ही वेळा पक्के ठाऊक होते. म्हणून अंगरक्षकाने चेहऱ्यावरच्या भक्तिभावापेक्षा हातांकडे पाहावे, असे सांगतात. ते खरेच आहे. पण शेवटच्या त्या हातभर अंतरात अंगरक्षकाला मिळतो तो एखादा क्षण. बचाव व्हायचा तो त्याआधीच्या दिवसांत, कचेऱ्यांमधून झालेला असावा लागतो.

लाल किल्ल्यातल्या खटल्याचा निकाल देताना न्यायाधीश आत्माचरण यांनी फेब्रुवारी १९४९ मध्ये हेच नोंदवले. २० ते ३० जानेवारीच्या दरम्यान पोलिसांनी थोडी तत्परता दाखवली असती, तर हा अनर्थ बहुधा टळला असता, असे त्यांचे मत होते. पुढे न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या आयोगाने सारे प्रकरण पुन्हा तपासले आणि १९६९ मध्ये अहवाल दिला. त्यातही पोलिसांच्या ढिलाईवर ताशेरे आहेत.

‘होणारे कधी चुकत नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. गांधीजींच्या बाबतीत तर त्यांचे हौतात्म्य जणू लिहूनच ठेवले होते, असे पुष्कळांना वाटते. पण राष्ट्रपिता गेला आणि त्या मागोमाग महाराष्ट्रात गावोगावी ज्यांचा या कटाशी सुतराम संबंध नव्हता अशा कित्येक कुटुंबांची घरेही जळाली. ते विधिलिखित म्हणायचे, की वेळेवर न केलेल्या एका फोनची किंमत?

त्या संध्याकाळी फाटकावर उभ्या असलेल्या शिपायांना इतिहासाने फारसे विचारले नाही. ते आपली नोकरी करीत होते. समोरून आत गेलेल्या माणसाचे नाव दहा दिवसांपासून कागदांतून फिरत होते. त्यांना ते कुणी सांगितले नव्हते, एवढेच.