वैद्य आणि व्यवस्थापन-सल्ला : एका अपरिचित वाटेचा विचार

आयुर्वेदाची पदवी प्राप्त केल्यावर चिकित्सालय, अध्यापन, शासकीय सेवा किंवा औषधनिर्मिती या चार वाटा आपल्या परिचयाच्या आहेत. आता काही तरुण वैद्य व्यवस्थापन-सल्ला, म्हणजेच मॅनेजमेंट कन्सल्टिंग, या व्यवसायाविषयी विचारणा करू लागले आहेत. वाणिज्य वा अभियांत्रिकीची पार्श्वभूमी नसताना आपल्याला तेथे कोण विचारणार, ही त्यांची शंका. ज्याने कधी कारखाना चालविला नाही त्याच्या सल्ल्याचे मोल का द्यावे, ही फार्मसीचालकांची शंका. दोन्ही शंका रास्त आहेत आणि दोहोंचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते.

पूर्वसूरींचा दाखला

या व्यवसायाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, अमेरिकेचे फ्रँक गिलब्रेथ, हे मूळचे गवंडी. 1885 साली ते विटा रचण्याचे काम शिकू लागले. एक वीट बसविण्यासाठी होणाऱ्या अठरा हालचाली त्यांनी सूक्ष्म निरीक्षणाने पाचांवर आणल्या. पुढे हीच दृष्टी त्यांनी शस्त्रक्रियागृहात नेली. शल्यविशारदाने उपकरण शोधत न बसता ते मागावे आणि सहायकाने त्याच्या हाती द्यावे, ही पद्धत त्यांनी आग्रहाने मांडली.

त्यांच्या पत्नी लिलियन यांचे शिक्षण आधी साहित्याचे. 1915 साली त्यांनी मानसशास्त्राशी निगडित विषयात डॉक्टरेट मिळविली. 1924 मध्ये पतीचे निधन झाल्यावर अनेक कारखानदारांनी स्त्री सल्लागाराशी करार चालू ठेवण्याचे नाकारले. तेव्हा त्या स्वयंपाकघराची रचना, दुकानातील कामाची पद्धत, ग्राहकाची गरज अशा क्षेत्रांकडे वळल्या. तेथे त्यांचे मानसशास्त्र इतरांच्या यंत्रज्ञानाहून उपयोगी ठरले. 1935 साली त्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. निराळी पार्श्वभूमी आपोआप गुण ठरत नाही. जेथे तिच्यामुळे उत्तर बदलते, तेथेच तिला मोल येते, हे या उदाहरणातून दिसते.

वैद्याचे ज्ञान कोठे निर्णायक ठरते?

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका फार्मसीत महिन्याला 2 लाख रुपयांचा माल खपतो आणि गोदामात 10 लाखांचा साठा आहे. कोणताही हिशेबनीस सांगेल की पाच महिन्यांचे भांडवल अडकले आहे. दोन महिन्यांचा साठा पुरेसा मानला, तर 6 लाख रुपये अकारण गुंतलेले. 12 टक्के व्याजाने वर्षाला 72,000 रुपयांचा भुर्दंड. साठा सरसकट कमी करा, असा सल्ला तो देईल.

हे गणित चुकलेले नाही, पण निदान अपुरे आहे. आवळा हिवाळ्यातच घ्यावा लागतो. त्याचा साठा कापला, तर च्यवनप्राशाचे वर्षाचे उत्पादनच कोलमडते. शार्ङ्गधराने चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी क्षीण होते असे म्हटले आहे; आसव, धातू व रस मात्र जुने झाल्यावर अधिक गुणवान मानले आहेत. विक्रीसाठी नियम 161-बी मधील मुदत पाळावी लागतेच. तरीही कात्री प्रथम चूर्णांच्या साठ्याला लावावी, अरिष्टांच्या नव्हे, हे द्रव्यगुण व भैषज्यकल्पना जाणणाराच सांगू शकतो. हिशेब न येणारा वैद्य 72,000 चा आकडा काढू शकणार नाही आणि कल्पना न जाणणारा हिशेबनीस तो कोठून वाचवावा हे सांगू शकणार नाही. ज्याला दोन्ही जमते, त्याला फार्मसीचालक शुल्क देईल.

2000 साली शेड्यूल टी लागू झाल्यापासून जागेची रचना, यंत्रे, नोंदवह्या, गुणवत्ता-परीक्षण यांवरील खर्च छोट्या फार्मसींना पेलावा लागतो. निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी 2006 पासून बंधनकारक झाली. आयुर्वेद रुग्णालयांनाही एनएबीएच मान्यतेसाठी कार्यपद्धती लेखी ठेवावी लागते. या कामांसाठी जाणकार सल्ल्याची गरज आहे.

प्रवेशाची तयारी

मोठ्या सल्लागार संस्था प्रामुख्याने नामांकित व्यवस्थापन-संस्थांतून निवड करतात. त्या मार्गाने जाणाऱ्या वैद्याला ‘कॅट’ परीक्षा खुली आहे. ठरावीक गुण असलेला कोणत्याही शाखेचा पदवीधर तिला बसू शकतो. निवडीच्या मुलाखतीत एखादे प्रकरण मांडले जाते. उदाहरणार्थ : रुग्णालयाची मिळकत वाढली, पण नफा घटला, कारण शोधा. निदानपंचकाचा अभ्यास केलेल्याला लक्षणाकडून हेतूकडे आणि संप्राप्तीकडे जाणे परके नाही. मात्र समोरचा परीक्षक उपमा ऐकायला बसलेला नसतो. त्याला खर्चाची विभागणी, तोंडी गणित आणि स्पष्ट निष्कर्ष हवा असतो.

दुसरा मार्ग लहान कामाचा. एखाद्या परिचित फार्मसीतील एकच समस्या घ्यावी : अरिष्टाची वाया जाणारी घाणी, परत येणारा माल किंवा पंचकर्म विभागातील रिकाम्या वेळा. तीन महिने नोंदी ठेवाव्यात, बदल सुचवावा आणि आधीचे-नंतरचे आकडे मालकाच्या संमतीने जपून ठेवावेत. असे एक काम दहा प्रमाणपत्रांहून बोलके ठरते.

पथ्य

सल्लागाराने यंत्रविक्रेत्याकडून दलाली घेऊ नये. एका फार्मसीचे पाठ व हिशेब दुसरीकडे नेऊ नयेत. फार्मसीचालकांनीही काम ठरवितानाच मुदत, शुल्क आणि अपेक्षित फल लेखी घ्यावे.

चिकित्सेच्या चार पादांत भिषक् प्रमुख मानला आहे, तो द्रव्य, परिचारक आणि रोगी यांचा मेळ घालतो म्हणून. व्यवस्थापन-सल्ल्यातही काम मेळ घालण्याचेच आहे. ज्या वैद्यबंधू-भगिनींना ही वाट धरायची आहे, त्यांनी शास्त्राचा हात न सोडता हिशेबाची वही उघडावी. आणि फार्मसीचालकांनी अशा एका तरुणाला आपल्या गोदामाची किल्ली तीन महिन्यांसाठी द्यावी.