घुम्या पोराला काय काम द्यावं?

गावात असा एखादा असतोच. शाळेत हुशार, पण चारचौघांत तोंड उघडत नाही. घरचे त्याला किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसवतात. आठ दिवसांत गिऱ्हाईक वैतागतं, पोरगंही. मग ‘हा कामाचा नाही’ असा शिक्का बसतो.

अशांसाठी रेशीम शेतीचा विचार जरूर व्हावा. अळ्यांच्या शेडमध्ये बाहेरच्या माणसाला मज्जावच असतो, कारण पायांबरोबर रोग येतो. अळी साधारण २५ ते २८ दिवसांची, त्यात ४ वेळा कात टाकते. कातीवर बसली की पाला बंद, उठली की वेळेवर सुरू. तापमान, ओल, चुन्याची धुरळणी, सगळं डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. बोलघेवड्याचं इथं काही चालत नाही!

कोष विकायला मात्र बाजार गाठावा लागतो. तिथं भावानं जावं, हिशेबाची वही याच्याकडे असावी. शेवटच्या दिवसांत पाला भरपूर लागतो, तेव्हा घरच्यांनी हात लावावा.

तुती लागवडीची नोंदणी जिल्हा रेशीम कार्यालयात होते. गावात नावं गोळा करताना ग्रामपंचायतीनं सभेत हात वर करणाऱ्यांवरच थांबू नये. हा पोरगा सभेला येणार नाही. त्याच्या घरी जाऊन विचारावं लागेल.